भिजू की वाळू?

माणसं जंगल जितकं तोडायची तितकंच हौसेने लावायचीही, तेव्हाची ही गोष्ट. रोपवाटिकेतल्या ठकूबाईने सागाच्या टणक बिया आणल्या. एक दिवस त्या शेणकाल्याच्या घमेल्यात भिजवायच्या, दुसऱ्या दिवशी कातळावर उन्हात वाळवायच्या, असा तिचा पंधरा दिवसांचा नेम.

त्यातली एक बी पार गोंधळून गेली. जरा ओल मुरते न मुरते तोच ऊन!

"माझं ऐक," घमेलं म्हणालं, "ओलीशिवाय कोंब येत नाही."

"मग मी काय उगाच तापतोय?" कातळ डाफरला. "कवच उन्हानेच तडकतं."

"अहो, तुमचं आधी ठरवा तरी!" बी रडकुंडीला आली आणि चौथ्या दिवशी कातळाच्या भेगेत दडून बसली.

बाकीच्या बिया पेरल्या, उगवल्याही. ही होती तशीच. एकदा झाडताना ती ठकूबाईच्या हाती लागली.

"तू इथे होय गं!" म्हणत तिने बी घमेल्यात टाकली.

"पुन्हा पहिल्यापासून? आजी, एकदाच काय ते सांग. भिजू की वाळू?"

"ते मी बघते. तू उगवायचं बघ."

पंधरा दिवसांनी ठकूबाईने तिला कातळाशेजारीच पेरलं. कोंब वर आला.

"माझ्यामुळे!" घमेलं आणि कातळ एकदमच ओरडले.

आता तिथे उंच साग उभा आहे. आपण नक्की कोणामुळे उगवलो, हे त्याला अजून कळलेलं नाही. त्याच्या सावलीत कातळ आता तापत नाही, घमेल्याचं बूडही गंजून गेलंय. भांडण मात्र चालूच आहे.