एकच भोई

सरदार हैबतरावांची सून चिमाबाई आठ महिन्यांची गरोदर होती. कंबर आणि ओटीपोट असं ठणकायचं, की तिला ना बसवे, ना उभं राहवे. देवळात पूजा चालू असताना ती खांबाला टेकली, तसे लोडाला रेलून बसलेले हैबतराव सगळ्यांदेखत कडाडले, "सरळ उभी राहा! एवढंसं पोर, त्याचं कसलं ओझं?"

घामाघूम झालेल्या चिमाबाईनं विचारलं, "मामंजी, येताना आपली पालखी वाटेत का टेकवली?"

"भोयांचे खांदे भरून आले. माणसंच आहेत ती!"

"त्यांना खांदा तरी बदलता येतो. इथं भोई मी एकटीच, आणि आपलं नातवंड पालखीतून उतरायचं नाव घेत नाही!"

मंडपात हशा पिकला. हैबतराव ओशाळले. त्यांनी आपला लोड सुनेकडे सरकवला आणि भटजींवर खेकसले, "आटपा लवकर!"