काजळी धरलेला प्लग

एका गावात एक वृद्ध मेकॅनिक राहत असत. त्यांचे गॅरेज नव्हते. ज्याची गाडी बिघडे, त्याच्या अंगणात ते हत्यारांची पेटी घेऊन जात आणि तिथेच, यजमानांचा चहा पीत, इंजिन उघडत. सारे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांचे दोन शिष्य होते, जुना सर्जेराव आणि बराच नंतर आलेला नेताजी.

इंजिनातला आवाज नेमका कुठून येतो हे ओळखण्यासाठी उस्ताद लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला टेकवत आणि त्याची मूठ कानाला लावत. हे काम ते कधी कोणाला देत नसत. एके दिवशी मात्र त्यांनी तो स्क्रू-ड्रायव्हर नेताजीच्या हाती दिला. शेजारी पाना धरून उभ्या असलेल्या सर्जेरावाच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षे ऑइलने हात काळे केले ते आपण, आणि मान मिळाला काल आलेल्याला!

त्या दिवसापासून त्याला नेताजीचे काहीच बघवेना. नेताजी हसला तरी खुपे, गप्प बसला तरी खुपे. यजमानीणबाईंनी नेताजीच्या कपात दोन घोट जास्त ओतले, तर तेही या पठ्ठ्याच्या नजरेतून सुटत नसे. उस्तादांच्या मागे ही पेटी कोणाकडे जाणार, हाच प्रश्न त्याला आतून पोखरत होता. शेवटी न राहवून तो म्हणाला, "उस्ताद, एक तर त्यो ऱ्हाईल, न्हाईतर मी."

उस्तादांनी नेताजीला हाक मारली. "उद्यापास्नं येऊ नगंस. मी निरोप धाडीन." नेताजी डोळे पुसत निघून गेला. सर्जेरावाला वाटले, आपण जिंकलो.

पण कामाची रया गेली. एकाने आवळलेला बोल्ट दुसऱ्याने तपासायचा ही उस्तादांची रीत, आणि दुसरा आता नव्हताच. दुरुस्त केलेल्या गाड्या पुन्हा बिघडू लागल्या. "नेताजी दिसत नाही तो?" असे कोणी विचारले, की सर्जेरावाच्या पोटात दुखे. माणूस समोर नव्हता, जळणे मात्र तसेच चालू होते.

अशात एका शिक्षिकाबाईंच्या अंगणात त्यांची जुनी पेट्रोल गाडी थरथरत उभी राहिली. चार सिलिंडरांपैकी एक काम करत नव्हता, पण कोणता ते कळेना. प्रत्येक सिलिंडरात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा एक प्लग असतो. उस्तादांनी इंजिन चालूच ठेवले. "प्लगची एकेक वायर काढ अन् आवाज ऐक."

सर्जेरावाने रबरी मुठीच्या पकडीने पहिली वायर ओढली. इंजिन धापा टाकत बंद पडायच्या बेतात आले.

"ह्यो कसा?" उस्तादांनी विचारले.

"चांगला हाय. काढल्यावर गाडी बसाय लागली, म्हंजे त्यो वढत हुता."

ती वायर पुन्हा बसवून त्याने दुसरी काढली. तेच झाले. तिसरी काढली, तर काहीच बदलले नाही. थरथर होती तशीच राहिली.

"ह्यो बाद," सर्जेराव म्हणाला.

"मीबी एक वायर काढून बघितली," उस्ताद शांतपणे म्हणाले. "तू म्हणलास म्हणून नेताजीची काढली. आपलं काम बसाय लागलं, अन् तुझी थरथर हाय तशीच ऱ्हायली. आता तूच सांग, बिघाड कुठं हाय?"

सर्जेरावाने इंजिन बंद केले. तिसरा प्लग खोलून त्याने हातात घेतला. तो काळाकुट्ट झाला होता. "फेकायचा, उस्ताद?" त्याने विचारले, पण तो प्लगबद्दल नव्हे, स्वतःबद्दल विचारत होता.

"फेकतोस कशाला? वर काजळी धरलीया, म्हणून ठिणगी पडंना. घास त्येला."

सर्जेराव पॉलिश पेपर घेऊन बराच वेळ घासत बसला. प्लग बसवून वायर जोडली आणि गाडी सुरळीत चालू झाली. तेव्हा उस्तादांनी तो लांब स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हाती दिला. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली, ती मूठ त्याने कानाला लावली.

"कुठला प्लग मोठा वाटतूय?"

"चारीबी सारखंच, उस्ताद."

थोड्या वेळाने त्याने स्क्रू-ड्रायव्हर पुसून पेटीत ठेवला. "नेताजीला निरोप धाडणार हुता न्हवं? मीच जातू."

"काय सांगशील?"

"सांगीन, तुझ्याबिगर गाडी बसाय लागलीया." आणि तो निघाला.