तपासणीत दगावलेले मासे

"मग डोह उघडू द्यायचा, असंच ना बुवा?" मोरेश्वर कुबलनं पुन्हा विचारलं.

जानूबुवा मठाच्या पायरीवर बसून काथ्या वळत होते. गाव ऐकत नाही, हे गाऱ्हाणं घेऊन आलेले चेअरमन त्यांनी बरेच पाहिले होते. चेअरमन बदलत, गाऱ्हाणं तेच राही.

वाळूच्या दांड्यामागे समुद्राचं आणि पावसाचं पाणी मिळून उथळ तळं झालं होतं. त्यावर सगळं गाव जगे. तळ्याच्या टोकाला, कांदळवनात, एक डोह होता. मासळीची पिल्लं तिथं वाढत आणि मग तळ्याभर पसरत.

कुबल मच्छीमार सोसायटीचा चेअरमन झाला, तेव्हा त्यानं डोहात मासेमारी बंद करण्याचा ठराव आणला. ठराव एकमतानं मंजूर झाला. म्हणजे सभेत कुणी ऐकतच नव्हतं. पाटी लागली. कुबल शिट्टी घेऊन होडीतून फिरू लागला. शेजारच्या बाबल तारीचंसुद्धा जाळं त्यानं जप्त केलं होतं, आणि हे तो भाषणात सांगे.

आज संध्याकाळच्या सभेत गाव तो ठराव मोडणार होतं. मोडला, की पंधरवड्यात डोहात फक्त पाणी उरेल, हे कुबलला दिसत होतं. म्हणून बुवांनी सभेला यावं, डोह राखणाऱ्या देवाचा, राखणदाराचा कोप होईल एवढंच बोलावं, अशी त्याची विनंती होती. राखणदाराला सभांचा कंटाळा आहे, असं बुवांनी कळवलं.

"थकलो मी," कुबल म्हणाला. "आता बारशाचंही बोलावणं येत नाही. कुणासाठी करतो हे सगळं?"

"डोहात आहे काय एवढं?"

कुबलचा चेहरा उजळला. हातभर तांबोश्या, ताटाएवढ्या कुर्ल्या... किती सांगू नि किती नको, असं त्याला झालं.

"तुला कसं कळलं रे?"

"तपासणी करतो ना. दर अमावास्येला." त्यानं खांद्यावरचं फेकजाळं थोपटलं. आताही तो तिकडूनच येत होता.

"बरोबर कोण असतं?"

"कोणी नाही. एकाला आत घेतलं, की सगळे घुसतील."

"आणि तपासलेले मासे?"

"सोडून देतो."

"सगळे?"

कुबल तळ्याकडे पाहू लागला...

"काही दगावतात," तो शेवटी म्हणाला. "मेलेले परत टाकून काय उपयोग?"

दगावणाऱ्यांत लहान मासा सहसा नसे, हे गावाच्या केव्हाच लक्षात आलं होतं. तपासणी बहुधा मोठ्यांनाच सोसत नसावी.

बुवा रागावले नाहीत. तेवढी ताकद उरली नव्हती. ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, कुबलच्या खांद्यावरचं जाळं उतरवलं, झटकलं, त्यातलं शेवाळ काढलं. आता हेही जप्त होणार, अशा समजुतीनं कुबल उभा राहिला. बुवांनी जाळ्याची नीट घडी केली आणि ती पुन्हा त्याच्याच हातात ठेवली.

"सभेत सर्वांदेखत हे बाबलला दे. पुढची तपासणी त्याची."

"बाबलची?" कुबलला हसावं की रडावं कळेना. "बुवा, अहो, तो दगावलेले मासे घरी नेईल."

"नेईल."

"तळून खाईल."

"खाईल ना."

"आणि मी काय करायचं?"

बुवा पायरीवर बसले. सुटलेला काथ्या त्यांनी पुन्हा तळहातांत घेतला.

"तुमच्या घरांमध्ये भिंत एकच ना?"

"हो. तीही कुडाची."

"इतकी वर्षं बाबलनं तुझ्या तळणीच्या वासावर काढली," बुवा म्हणाले. "तू एक अमावास्या काढ."