घोणेरीच्या कड्यावरचा दोर

सह्याद्रीच्या एका उंच, उघड्या डोंगरावर निश्चलनाथ महाराजांचा मठ होता. पायथ्याचे गाव घोणेरी. महाराज कुठून आले हे घोणेरीत कोणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते एवढेच, की गेली तीस वर्षे ते वरच आहेत, आणि वर येणाऱ्या प्रत्येकाला आधी पाणी देतात, मग नाव विचारतात.

मठाच्या वाटेवर शेवटी एक कडा लागतो. खडकात कोरलेल्या बावीस पावट्या आणि उजव्या हाताला दरी. या कड्यावर ठकूबाईचा दोर असे. ठकूबाई घोणेरीचीच, साठीला आलेली विधवा. दर वर्षी यात्रेआधी ती घायपाताच्या पानांतला वाख, म्हणजे पांढरे तंतू, काढून तीन पेडांचा नवा दोर वळी आणि स्वतः वर नेऊन लावी. तीच तिची सेवा. दोराला ती गाठ कधीच मारत नसे. कड्याच्या माथ्यावर एक दगडी खुंट आहे. त्याला तीन वेढे द्यायचे, उरलेले हातभर शेपूट खडकावर सोडायचे आणि त्यावर एक जड धोंडा ठेवायचा. बस्स.

एका माघात तालुक्याच्या हायस्कुलातली वीस मुले मठाच्या सहलीला आली. सोबत विज्ञानाचे शिक्षक त्र्यंबक गंधे होते. वय सव्वीस, बी.एस्सी. झालेले. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नये, असे ते मुलांना सांगत आणि तसे वागतही. प्रयोगशाळेतला स्प्रिंगचा काटा त्यांनी पिशवीत घेतला होता. नारळाऐवजी काटा घेऊन तो डोंगर चढणारे ते बहुधा पहिलेच.

कड्याशी आल्यावर गंधे सर दोराला हात न लावता पुढे चढले. माथ्यावरची ती मांडणी पाहून त्यांना हसू आवरेना. पोरांना कडा चढवायला सोबत आलेली ठकूबाई मागोमाग आली.

"अहो बाई, गाठच नाही! हा दोर तुम्ही बांधलाय की नुसता ठेवलाय?"

"गाठीपाशी दोर तुटतो, मास्तर. म्हनून गाठ न्हाई."

"मग याला धरतं कोण?"

"म्हाराज धरत्यात."

"ऐकलंत का रे?" सरांनी खाली वाकून हाक दिली. "दोर खुंटाला नाही, महाराजांना बांधलाय!" खाली वीस जण खदाखदा हसले. ठकूबाईने पदर सारखा केला.

पण दोर पेलतो किती, हे सरांना पाहायचे होते. त्यांनी धोंडा बाजूला लोटला आणि खिशातून चाकू काढला. तेव्हा मात्र ती पुढे झाली.

"शेपूट कापू नगा, मास्तर. त्येच्यावरच समदं ऱ्हातंय."

"बाई, वेढ्यांच्या बाहेर राहिलेला दोर काही वजन पेलत नाही. तो नुसता पडून आहे."

शेपूट कापले गेले. सरांनी त्याचा एक पेड सोडवून काट्याला अडकवला, खाली पिशवी टांगली आणि तीत एकेक दगड टाकला. बावीस किलोला पेड तुटला. तीन पेडांचे सहासष्ट. निष्कर्ष निघाला: एका वेळी एकच मुलगा. रीत चोख होती, आकडेही बरोबर होते.

ठकूबाईने वेढे पुन्हा आवळले. उरलेल्या चार बोटांच्या थुटक्यावर धोंडा काही बसेना. तिने मठाच्या दिशेने हात जोडले, "नाथा, आता तुझ्याकडं," एवढे म्हणाली आणि पोरांना पहिल्या पावटीवर पाय रोवून द्यायला खाली उतरली. सरही खाली आले.

एकोणीस मुले एकेक करून वर गेली आणि थेट मठात पळाली. दोराला ती हात लावत, भार कोणी टाकत नव्हते. पण प्रत्येक हिसक्याला वर वेढे थोडे थोडे सैल होत होते. हे खालून कोणाला दिसणार?

शेवटी जयराम कोल्हटकर निघाला. बाराव्या पावटीवर त्याचा पाय शेवाळावरून सटकला आणि तो दोराला धरून दरीवर लोंबकळला.

"सर!"

गंधे सर धावले. बारा पावट्या ते कसे चढले, ते त्यांना पुढे कधी आठवले नाही. एका हाताने त्यांनी जयरामचा पट्टा धरला. तोच त्यांच्या पायाखालची पावटीची कड तुटली आणि त्यांचाही सारा भार दोरावर आला. जयराम एकावन्न किलो, ते स्वतः चौसष्ट. एकशे पंधरा!

दोर वरून सरकू लागला.

त्या क्षणी सरांना आपली चूक दिसली. वेढे शेपटावरचा भार कित्येक पटींनी वाढवतात. बंदरात जहाजे याच रीतीने थोपवतात, आणि हे त्यांनी स्वतःच मागच्या वर्षी फळ्यावर लिहून शिकवले होते. पण शून्याला कितीही पटींनी वाढवले तरी हाती शून्यच. धोंडा त्यांनीच काढला होता, शेपूट त्यांनीच कापले होते. पोराला दरीत लोटणारा हात आता त्यांचाच ठरणार होता.

"म्हाराज, धरा वो!" खालून ठकूबाई ओरडली.

आणि सरकणारा दोर थांबला. तुटला नाही, करकरलासुद्धा नाही. सरांनी जयरामला पावटीवर लोटले, त्याच्या पाठोपाठ स्वतः सावरले आणि दोराच्याच आधाराने दोघे माथ्यावर पोचले.

वर खुंट मोकळा होता. त्याला एकही वेढा नव्हता. दोराचे कापलेले टोक उघड्या खडकावर पडले होते. आसपास माणूस नव्हते. सरांनी टोक उचलून ओढले. दोर सळसळत हातात आला.

ते मठात गेले. एकोणीस मुले महाराजांसमोर गप्प बसली होती.

"इथून कोण बाहेर आलं होतं?"

"कोणीच नाही, सर," एक मुलगा म्हणाला. "महाराज गोष्ट सांगत होते. मधेच थांबले, दोन्ही मुठी आवळल्या आणि मागे रेलले. घामाने निथळत होते. आम्ही घाबरलो."

"किती वेळ?"

"एक आरती म्हणून होईल इतका. आत्ताच डोळे उघडलेत."

गंधे सरांनी महाराजांच्या मांडीवरचे हात पाहिले. तळव्यांची कातडी सोलून निघाली होती आणि जखमांत घायपाताचे पांढरे तंतू रुतले होते.

"मास्तर, किती भरलं?" महाराज म्हणाले.

"एकशे... एकशे पंधरा, महाराज."

"जड होतं."

गंधे सरांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराज म्हणाले, "मी धरला तो तिच्या हाकेवर. ती बाहेर उभी आहे. पोरांना उन्हं कलायच्या आत उतरायचंय, दोर कसा लावायचा ते तिला विचारा."

दोराशिवायच कडा चढून आलेली ठकूबाई उंबऱ्याबाहेर थांबली होती. वीस विद्यार्थ्यांच्या देखत गंधे सर बाहेर आले, खाली वाकले आणि त्यांनी तिच्या धुळीने भरलेल्या पायांवर कपाळ टेकले.

"अवो मास्तर, हे काय!" ठकूबाई मागे सरली. "उठा, उठा. चला, धोंडा तुमीच उचला. म्या वेढं देते."