गुहेचे तीन रस्ते

मिरजेच्या आमच्या मंडळात टिळेकरसर गोष्ट रचायचे आणि आम्ही पात्रं होऊन ती खेळायचो. प्रत्येक पात्राची माहिती एका कागदावर असे; पात्र मेलं की सर तो कागद फाडत. कुमुदताईंनी तीन वर्षं जपलेलं पात्र, एक वैदीण, आता गोष्टीतल्या गावच्या वेशीत उभं होतं.

सर म्हणाले, "गुहेतला राक्षस उद्या गाव खायला येणार. त्याच्या गुहेतून कुणी जिवंत परतत नाही. रस्ते तीन, हवा तो निवडा."

"डावा?" ताईंनी विचारलं.

"गुहेत जातो."

"उजवा? मधला?"

"गुहेतच! कुणीही, कुठूनही निघो, वेशीबाहेरचा प्रत्येक रस्ता गुहेतच संपतो. माझा नियमच आहे तो." सरांनी कागदासाठी हात पुढे केला.

"राक्षसालाही तोच नियम?"

"सगळ्यांना!"

"मग तो गावात पोचणार कसा, सर? आम्ही वेशीतच थांबतो."

सरांनी हात मागे घेतला.