न फुटणारा आकडा

फार फार मागे, दोन नद्यांच्या मधल्या एका राज्यात एक राजगणिती राहत होता. त्या राज्यात शपथ घ्यायची ती आकड्यावर हात ठेवून. आणि आकडा असा हवा, की एक आणि तो स्वतः सोडून कशानेच त्याला पुरता भाग जाऊ नये. आकडा फुटत नाही तोवर शपथ मोडायची नाही, अशी तिथली रीत होती.

म्हातारा राजा थकला होता आणि त्याच्या दोन्ही मुलांचं एकमेकांशी पटत नव्हतं. राज्याचे तुकडे करणार नाही, अशी शपथ त्यांच्याकडून घ्यायची होती. त्यासाठी राजाने गणितीकडे मोठा आकडा मागितला.

गणितीने ९९९१ निवडला. तीनने भागून पाहिलं, सातने पाहिलं, असं करत स्वारी एकोणनव्वदपर्यंत आली. दर वेळी बाकी उरलीच. मग कंटाळा आला. "आता कशाला भाग जातोय!" म्हणत त्याने आकडा ताम्रपटावर कोरायला दिला.

शपथेच्या दिवशी सकाळी मात्र त्याला आठवलं. सत्त्याण्णवने भागायचं राहिलंच होतं! त्याने भागाकार मांडला. भाग गेला एकशेतीन वेळा. बाकी शून्य.

बिचारा पेचात पडला. सांगावं तर मान जाणार. गप्प बसावं तर आज ना उद्या कुणीतरी हाच भागाकार करणार, आणि भाऊ भावावर तलवार उपसणार.

दरबार भरला. थोरल्याने ताम्रपटाकडे हात नेला, तोच गणिती ओरडला, "थांबा! महाराज, हा आकडा फुटतो. चूक माझी आहे."

राजा म्हणाला, "मग दुसरा सांग."

"९९७३, महाराज."

"तुझ्यावर आता विश्वास कसा ठेवू?"

"ठेवू नका. राजपुत्रांनाच भागून बघू द्या. शंभराच्या आतले आकडे पुरेत. शंभर गुणिले शंभर म्हणजे दहा हजार, आणि हा त्याहून लहान. तो फुटत असेल, तर एक तुकडा शंभराच्या आतला निघणारच."

पाटी आली. थोरला भागू लागला, धाकटा पडताळू लागला. गणितीचा जीव टांगणीला लागला होता.

"दादा, हातचा राहिला!"

"अरे, खरंच की! बरं झालं बघितलंस."

सत्त्याण्णवलाही बाकी उरली, एकोणऐंशी. दोघांनी मिळूनच शपथ घेतली.

गणिती मान खाली घालून उभा होता. राजाचे डोळे भरून आले. "किती वर्षांनी ही दोघं एका पाटीवर बसली," तो म्हणाला. "तुला शिक्षा कोणत्या तोंडाने देऊ?"

तात्पर्य: अर्धवट तपासलेलं खरं म्हणून सांगू नये, आणि चूक कळलीच, तर दुसऱ्याचं नुकसान होण्याआधी ती बोलून टाकावी.