लाल फळांवर जागणारी हरिणी

डोंगरउतारावरच्या एका जंगलात हरणांचा एक कळप चरत असे, आणि त्या कळपात एक हरिणी अशी होती की तिला बसलेले कोणी पाहिलेच नव्हते. बाकीची हरणे दुपारी सावलीत बसून रवंथ करत. ही मात्र उंच खडकापाशी उभी राहून मान वळवत राही. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.

ती पहिल्यापासून अशी नव्हती, मुलांनो. आदल्या उन्हाळ्यात एका दुपारी तिला डुलकी लागली होती. जाग आली तेव्हा रानकुत्री येऊन गेली होती, आणि तिच्या कुशीत बसलेले पाडस तिथे नव्हते. कोणी तिला बोल लावला नाही. पण त्या दिवसापासून कळपाचा सगळा पहारा तिने आपल्याकडे घेतला. पूर्वी झाडांवरची वानरे धोका दिसताच ओरडत. उंबराची फळे संपली, तशी वानरेही पलीकडच्या डोंगरावर निघून गेली. मग तर तिला वाटू लागले, की आता आपला डोळा लागला तर कळप संपलाच.

तिची धाकटी बहीण रोज येऊन म्हणे, "अक्का, थोडा वेळ मी उभी राहते. तू टेक जरा."

"तुला झोप लागेल," हरिणी म्हणे. "मलाही लागली होती."

मग धाकटी कळपाकडे परत जाई.

पण शरीर किती दिवस ऐकणार? पावसाळा सरेपर्यंत ती इतकी थकली, की उभ्या उभ्या तिला समोरच्या एका झाडाची दोन झाडे दिसत. उताराच्या एका बाजूला कॉफीची झुडपे होती. कधीकाळी माणसांनी लावलेली आणि मग सोडून दिलेली. हिवाळ्यात ती लाल फळांनी लगडली. एका सकाळी झोप आवरेना, तेव्हा निदान तोंड हलते राहावे म्हणून हरिणीने चार फळे बियांसकट चावून खाल्ली.

थोड्या वेळाने तिचे डोळे लख्ख उघडले. दूरच्या गवताचे पाते न् पाते दिसू लागले. कितीतरी दिवसांनी तिचे डोके हलके झाले.

"हेच हवं होतं मला," ती स्वतःशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने आठ फळे खाल्ली. पुढे आठ पुरेनाशी झाली. सकाळी तोंडभर, दुपारी तोंडभर, दिवस कलला की पुन्हा. फळे पोटात गेली की भूक मरत असे, त्यामुळे चरणे कमी झाले. रात्री सगळी झोपली तरी तिची छाती धडधडत राही आणि झोप येत नसे. नाल्याच्या काठी चुनखडीची पांढरी माती होती. कळप दर दोन दिवसांनी ती चाटायला जाई, गळून पडलेली जुनी शिंगे चघळत बसे. हरिणी तिकडे गेली नाही. "तिकडून उतार दिसत नाही," ती म्हणे. खरे तर तिला तेवढे चालण्याचाही कंटाळा येऊ लागला होता. कंबर दुखे, मागचे पाय ठणकत. ते ठणकू लागले की ती आणखी चार फळे खाई.

नाल्याच्या वर एका बिळात एक म्हातारे साळिंदर राहत होते. एकदा दिवस मावळताना ते बिळाच्या तोंडाशी बसून शिंगाचा तुकडा कुरतडत होते. हरिणी लंगडत जाताना दिसली, तसे ते थांबले.

"पोरी, पायाला काय झालं?"

"काही नाही. उभं राहून राहून दुखतात."

"उभं राहून दुखतात ते संध्याकाळपुरते. तू तर सकाळीही लंगडतेस. काय खातेस हल्ली?"

हरिणीने सांगितले. साळिंदराने तिच्या वर आलेल्या फासळ्यांकडे पाहिले.

"दोन-चार फळांनी कुणाचं काही बिघडत नाही," ते म्हणाले. "मीही कधीमधी खातो. पण ती पोटात गेली की अंगातला, हाडं घट्ट ठेवणारा थोडा चुना लघवीवाटे निघून जातो. पोटभर चरणाऱ्याला, माती चाटणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण गेलेलं रोज भरून निघतं. तुझ्या अंगात मात्र काहीच येत नाही. नुसतं जातंय. मग ते हाडांतूनच जाणार ना?"

"मग मी जागी कशी राहू?"

"झोप."

"आणि पहारा?"

"कळपात वीस हरणं आहेत."

"त्या वीस जणांनी पाडस घालवलं नाही. मी घालवलं," हरिणी म्हणाली आणि निघून गेली. साळिंदर पुन्हा शिंगाचा तुकडा कुरतडू लागले.

हिवाळ्याच्या शेवटी एका सकाळी रानकुत्री आली. गवत जरासे हलले आणि हरिणीने ते टिपले. कळपात दुसऱ्या कोणाला काही कळण्याआधी तिची हाक घुमली. हरणे उधळली. ती सर्वांच्या मागे धावली, कारण शेवटचे पाडस पुढे गेल्याशिवाय तिला पाय उचलायचा नव्हता. वाटेत नाला आडवा आला. तो तिने हजारदा ओलांडला होता. तिने उडी घेतली आणि पलीकडे पाय टेकताच कट् असा आवाज झाला. तिथे दगड नव्हता, खड्डा नव्हता. कुत्र्याचा दातही तिला लागला नव्हता. नुसत्या तिच्याच भाराने मागचा पाय मोडला होता.

ती घसरत नाल्यातल्या उंच गवतात पडली. रानकुत्री धावत्या कळपामागे लागली होती. ती तिच्या डोक्यावरून उड्या मारत पुढे गेली. हरिणी हुंदकासुद्धा न काढता पडून राहिली. लांबून आवाज येत होते. पुढे तेही थांबले. कोण वाचले, कोण गेले, काहीच कळेना. तिला उठून बघायचे होते आणि उठता येत नव्हते.

दुपारी गवत बाजूला झाले. धाकटी बहीण तिच्यावर वाकली होती.

"पाडसं?" हरिणीने विचारले.

"सगळी आहेत, अक्का. वरच्या कड्याच्या कपारीत शिरलो आम्ही. कुत्री कंटाळून गेली."

हरिणीने उठायचा प्रयत्न केला. धाकटीने तिच्या मानेवर आपली मान ठेवून तिला खाली दाबले.

"मी उभी आहे," ती म्हणाली. "तुला माझा भरवसा वाटत नसला तरी आता मीच उभी आहे. झोप."

त्या दिवशी हरिणी झोपली नाही, नुसती थरथरत राहिली. फळे बंद झाली, तसे तिचे डोके तीन दिवस फुटल्यासारखे दुखत होते. चौथ्या दिवशी तिला झोप लागली, आणि ती सलग दुसऱ्या सकाळपर्यंत झोपली. जाग येताच तिने घाबरून मान वर केली. काठावर एक तरुण नर पहाऱ्याला उभा होता, त्याच्या पलीकडे दुसरी हरिणी. दोघांनी आपापसांत दिशा वाटून घेतल्या होत्या. पाडसे कोवळे गवत खात होती. कोणालाच काही झाले नव्हते. ती पुन्हा आडवी झाली आणि कितीतरी महिन्यांनी रडली.

कळपाने तोंडात धरून तिच्यासाठी चारा आणला. धाकटीने पांढऱ्या मातीची ढेकळे आणली. हाड जुळायला उन्हाळा गेला आणि ते वाकडेच जुळले. हरिणी चालू लागली, पण उडी मारणे कायमचे संपले. आता कळप निघाला की पाण्याच्या उथळ जागेवरून जाई, तिच्या चालीने.

पहाऱ्याची पाळी सर्वांना आली, तशी तिलाही. एकदा धाकटीने विचारले, "अक्का, त्या दिवशी सगळ्यांत आधी तूच पाहिलंस. मग फळांनी काम केलं नाही असं कसं म्हणायचं?"

"केलं ना," हरिणी म्हणाली. "डोळ्यांना जागं ठेवलं त्यांनी. पण मी थकले होते, ती थकलेलीच होते. मला फक्त ते कळत नव्हतं."

एवढे बोलून तिने उताराकडे एकदा नजर टाकली. तिची पाळी संपली होती. दुखरा पाय सावकाश पोटाशी घेत ती गवतात बसली आणि तिने डोळे मिटले.

तात्पर्य इतकेच : थकवा जाणवेनासा झाला म्हणजे तो गेला असे नव्हे, झोप आणि अन्न यांच्या जागी नुसत्या तरतरीवर जगणाऱ्याची हाडे आतून झिजत जातात.